साउथ बेंडचे इंग्रजीचे मास्तर

१९ जानेवारी १९७४. अमेरिकेतील इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे गाव आहे. त्या गावाला लागूनच असलेल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडागारात त्या शनिवारी बास्केटबॉलचा एक सामना चालू होता. पाहुणा संघ होता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे 'यूसीएलए'चा. या संघाने त्याआधीचे ओळीने ८८ सामने जिंकले होते. साडेतीन मिनिटांचा खेळ उरला असता पाहुणे ७०-५९ असे अकरा गुणांनी पुढे होते. त्यानंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. यजमानांनी लागोपाठ बारा गुण मिळवले आणि सामना ७१-७० असा जिंकला. विशेष म्हणजे पाहुण्यांचा त्याआधीचा पराभवही तीन वर्षांपूर्वी, जानेवारी १९७१ मध्ये, याच नोत्र दामने याच मैदानावर केला होता. विजयाची ती प्रदीर्घ मालिका जिथून सुरू झाली, तिथेच ती संपली.

वाचकांना वाटेल की, कॅथलिक विद्यापीठाच्या या पराक्रमाचे गुणगान गाण्यासाठी आम्ही लेखणी उचलली आहे. तसे नाही. आमचे लक्ष गुंतले आहे ते पराभूत संघाच्या बाकावर बसलेल्या, हातात कागदाची सुरळी धरलेल्या, चष्मा लावलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या गृहस्थाकडे. त्यांचे नाव जॉन वूडन. साउथ बेंड हे गाव त्यांना परके नव्हते. तीसच्या दशकात याच गावातील सेंट्रल हायस्कूलमध्ये ते नऊ वर्षे इंग्रजी शिकवीत होते आणि दुपारनंतर मुलांना बास्केटबॉल, बेसबॉल व टेनिस शिकवीत होते. पुढे त्यांच्या संघांनी अमेरिकेचे विद्यापीठीय अजिंक्यपद दहा वेळा पटकावले. जग ती दहा पदके मोजते. आम्हाला मात्र त्या पदकांच्या आधीच्या, शाळामास्तरकीच्या आणि एका छोट्या शिक्षक-महाविद्यालयातील वर्षांविषयी अधिक लिहावेसे वाटते. कारण जो मनुष्य पुढे जगाला दिसला, तो त्या वर्षांतच घडला.

वूडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियानातील हॉल या खेड्यात झाला. वडील जोशुआ शेतकरी होते. सेंटरटन येथील त्यांच्या शेतघरात वीज नव्हती आणि नळही नव्हता. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात वडील मुलांना बायबल व कविता वाचून दाखवीत. पुढे डुकरांना टोचलेली लस सदोष निघाली, जनावरे मेली, पीकही बुडाले आणि शेत हातचे गेले. हे कुटुंब मार्टिन्सव्हिल गावी राहायला गेले व वडील तेथे एका आरोग्यस्नानगृहात नोकरी करू लागले. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याला वडिलांनी दोष दिला नाही, आपल्या नशिबालाही बोल लावला नाही, असे वूडन आयुष्यभर सांगत. आठवी उत्तीर्ण झाल्यावर वडिलांनी मुलाच्या हाती दोन डॉलरची एक नोट आणि एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत सात सूचना होत्या: स्वतःशी प्रामाणिक राहा, दुसऱ्यांना मदत कर, चांगली पुस्तके, विशेषतः बायबल, मन लावून वाच, रोज देवाचे आभार मान, अशा अर्थाच्या. वूडन यांनी ती चिठ्ठी पुढे कित्येक वर्षे पाकिटात बाळगली.

ज्या काळात हा मुलगा वाढत होता, त्या काळाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. विसाच्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णीय संघटनेचा जबर पगडा होता. १९२४ साली निवडून आलेले गव्हर्नर एडवर्ड जॅक्सन हे तिच्याच पाठिंब्यावर आले होते. क्लॅनचा द्वेष केवळ कृष्णवर्णीयांपुरता नव्हता. ज्यू आणि कॅथलिक हेही तिला शत्रू वाटत. मे १९२४ मध्ये क्लॅनने साउथ बेंडमध्ये मेळावा भरवायचे ठरवले, तेव्हा नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सभासदांचे पांढरे झगे ओढले गेले आणि अखेर विद्यापीठाच्या अध्यक्षांना, फादर मॅथ्यू वॉल्श यांना, मुलांना समजावून परत न्यावे लागले. अशा प्रदेशात, अशा काळात, प्रॉटेस्टंट शेतकऱ्याचा एक मुलगा शेजाऱ्याकडे कसे पाहायचे हे घरी शिकत होता. आपण कुणाहूनही श्रेष्ठ नाही आणि कुणाहून कनिष्ठही नाही, ही वडिलांची शिकवण होती. पुढे ती एकदा पणाला लागली. त्या प्रसंगाकडे आम्ही यथावकाश येऊच.

मार्टिन्सव्हिल हायस्कूलचा संघ वूडन असताना लागोपाठ तीन वर्षे राज्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९२७ साली जिंकला. त्यानंतर पर्ड्यू विद्यापीठात ते तीन वेळा राष्ट्रीय निवड-संघात आले व १९३२ साली देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडू ठरले. त्यांचा अभ्यासाचा विषय होता इंग्रजी. पदवी हाती पडताच एका व्यावसायिक संघाने त्यांना गावोगाव फिरून खेळण्यासाठी पाच हजार डॉलर देऊ केले. महामंदीच्या त्या दिवसांत ही फार मोठी रक्कम होती. वूडन यांनी ती नाकारली आणि केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी असलेल्या डेटन गावच्या हायस्कुलात पंधराशे डॉलर वार्षिक पगारावर शिक्षकाची नोकरी धरली. ऑगस्ट १९३२ मध्ये नेली रायली हिच्याशी त्यांचा विवाह व्हायचा होता. लग्नाच्या तोंडावर गावची बँक बुडाली आणि तीत साठवलेले ९०९ डॉलर ५ सेंट गेले. संसाराची सुरुवात उसनवारीने झाली.

डेटनमध्ये त्यांना शिकवायचे होते इंग्रजी आणि सांभाळायचे होते जवळजवळ सगळेच खेळ. लहान शाळांची हीच रीत. आपल्याकडेही पीटीचे सर खो-खोपासून लेझीमपर्यंत सगळे पाहतात आणि वर भूगोलाचे तासही घेतात. वूडन यांच्या वाट्याला लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉलही आला. त्या खेळात त्यांना गती नव्हती. सरावात एका दांडगट मुलाने त्यांना उघड आव्हान दिले, तरुण मास्तरांचा तोल गेला आणि त्यांनी त्याच्यावर हात टाकला. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. फुटबॉलचे काम त्यांनी लवकरच आधीच्या प्रशिक्षकाकडे परत सोपवले. बास्केटबॉलमध्येही पहिल्या वर्षी त्यांच्या संघाने सहा सामने जिंकले आणि अकरा गमावले. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत विजयांहून पराभव अधिक असलेला हा त्यांचा एकमेव मोसम. पुढे जे संयमाचे प्रतीक म्हणून ओळखले गेले, त्यांची सुरुवात रागाने आणि हारीने झाली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. संतचरित्रे लिहिताना आपण हा भाग पुष्कळदा गाळतो.

१९३४ साली ते साउथ बेंडला आले. स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्याचे हे गाव. पोलिश आणि हंगेरियन स्थलांतरितांची मोठी वस्ती, म्हणजे अर्थातच बरीच कॅथलिक कुटुंबे. कारखान्यातील कामगारांची मुले सेंट्रल हायस्कुलात येत. वूडन इंग्रजीचे तास घेत, क्रीडा विभाग सांभाळत, त्याचा हिशेबही लिहीत आणि तीन खेळांचे संघ तयार करीत. शनिवार-रविवारी ते इंडियानापोलिसच्या एका व्यावसायिक संघाकडून खेळून चार पैसे मिळवीत. तेथे त्यांनी एकदा ओळीने १३४ मुक्त फेकी अचूक टाकल्या. शंभरावी फेक कड्यातून गेली तेव्हा संघाच्या मालकाने खेळ थांबवून त्यांना शंभर डॉलरची नोट दिली. तो मालक व्यवसायाने किराणा दुकानदार होता.

शिक्षक म्हणून त्यांना एक गोष्ट सलत होती. त्यांच्या वर्गात एखाद्या मुलाने आपल्या कुवतीनुसार पुरेपूर कष्ट करून मध्यम श्रेणी मिळवली, तरी आईवडील नाराज होत आणि मुलाला किंवा मास्तरांना दूषणे देत. शेजारच्या मुलाला तीच श्रेणी मिळाली असेल तर मात्र ती पुरेशी चांगली असे. धर्मग्रामातील घरोघरी दहावीच्या निकालाच्या दिवशी आम्ही हेच पाहत आलो आहोत. तेव्हा हे दुखणे काही अमेरिकेचे नव्हे. वूडन यांनी १९३४ साली यशाची स्वतःची व्याख्या लिहून काढली. आपल्याला जे होता येणे शक्य आहे ते होण्यासाठी आपण शिकस्त केली, या जाणिवेतून येणारी मनःशांती म्हणजे यश, असा तिचा भावार्थ. मग ती मुलांना डोळ्यांनी दिसावी म्हणून त्यांनी एका पिरॅमिडची आकृती रेखाटायला घेतली. पायाच्या दोन कोपऱ्यांवर उद्यमशीलता आणि उत्साह, मध्ये मैत्री, निष्ठा, सहकार्य. असे एकंदर पंधरा चौकोन, आणि शिखराशी श्रद्धा व धीर. हे काम पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. आज ही आकृती व्यवस्थापनाच्या वर्गांत फळ्यावर काढून दाखवतात. तिचा उगम एका इंग्रजीच्या मास्तराच्या प्रगतिपुस्तकांवरील चिंतेत आहे, हे तेथे क्वचितच कुणाच्या ध्यानी येत असेल.

शिस्तीच्या बाबतीत तरुण वूडन कमालीचे कडक होते. साउथ बेंडमध्ये एकदा सामन्याला जाणारी बस ठरल्या वेळी निघाली तेव्हा संघातील दोन कर्णधार आलेले नव्हते. त्यांतला एक शाळेच्या उपप्राचार्यांचा मुलगा. बस थांबली नाही. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. दुसरी एक गोष्ट मात्र ते खंतावून सांगत. धूम्रपान करणारा खेळाडू संघाबाहेर, हा त्यांचा नियम होता. त्याला अपवाद नव्हता. एका गुणी मुलाला त्यांनी सिगारेट ओढताना पकडले आणि तत्क्षणी काढून टाकले. त्या मुलाने शाळाच सोडली. महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर जाण्याची त्याची संधी गेली. नियम पाळला गेला आणि मुलगा गमावला. त्यानंतर वूडन यांनी अपवादाला जागा न ठेवणाऱ्या नियमांची संख्या कमी केली व प्रत्येक मुलाला सारखेच नव्हे, तर त्याला योग्य तसे वागवायचे, असे धोरण ठेवले. कन्फेशनच्या जाळीमागे बसणाऱ्या आम्हा लोकांनाही हा फरक समजायला बरीच वर्षे लागतात.

शाळेच्या अकरा वर्षांत त्यांच्या बास्केटबॉल संघांनी २१८ सामने जिंकले आणि ४२ हरले. साउथ बेंडचा एखादा संघ राज्याचे अजिंक्यपद मिळवू शकला नाही, हेही नोंदवायला हवे. मग महायुद्ध आले. १९४३ साली ते नौदलात दाखल झाले व तेथे वैमानिकांच्या शारीरिक शिक्षणाचे काम पाहू लागले. युद्धनौकेवर जाण्याचा हुकूम आला असता त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांच्या जागी गेलेला मित्र परत आला नाही. ही गोष्ट ते सांगत, पण तिच्यातून कोणताही दैवी संकेत काढीत नसत. युद्धावर असताना कर्जाचे हप्ते थकून साउथ बेंडचे घर गेले. शाळेतील त्यांची जागा त्यांना मिळाली. पण युद्धावरून परतलेल्या काही सहकाऱ्यांना त्यांच्या जागा परत मिळाल्या नाहीत, हे त्यांना रुचले नाही. १९४६ साली त्यांनी गाव सोडले.

ते गेले टेरे हॉट येथील इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजात. नावातच सांगितल्याप्रमाणे हे शिक्षक घडवणारे छोटे महाविद्यालय होते. तेथे ते क्रीडा संचालक झाले, बास्केटबॉल व बेसबॉलचे प्रशिक्षक झाले आणि त्याच वेळी शिक्षणशास्त्राच्या उच्च पदवीचा अभ्यासही करू लागले. ज्या प्रसंगासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, तो इथे घडला.

१९४७ च्या वसंतात या संघाने राज्यातील महाविद्यालयांचे विजेतेपद मिळवले आणि त्याला कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. ही स्पर्धा नॅशनल असोसिएशन ऑफ इंटरकॉलेजिएट बास्केटबॉल ही संस्था भरवीत असे. लहान महाविद्यालयांसाठी तो सर्वोच्च मान होता. मात्र संस्थेचा एक नियम होता: कृष्णवर्णीय खेळाडूंना खेळता येणार नाही. वूडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. इंडियानाच्या उत्तर टोकाला असलेल्या ईस्ट शिकागो या कारखान्यांच्या गावातून तो आला होता. तो संघाचा आधारस्तंभ नव्हता, राखीव खेळाडूंपैकी एक होता. त्याला घरी ठेवून गेले असते तर संघाची ताकद फारशी कमी झाली नसती. बाहेर कुणी गवगवाही केला नसता. बेसबॉलच्या मोठ्या मैदानावर जॅकी रॉबिन्सनने पाऊल ठेवले ते १५ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे यानंतर. त्यामुळे काळाचा वारा पाहून पाठ फिरवली असेही म्हणता येणार नाही.

वूडन यांनी निमंत्रण नाकारले. संघातील एकाला चालत नसेल तर संघ येणार नाही. यासाठी त्यांनी पत्रकार परिषद घेतली नाही आणि भाषणही केले नाही. संघातील उरलेल्या मुलांच्या दृष्टीनेही विचार करून पाहू. अनेकजण युद्धावरून परतलेले जवान होते. वर्षभराच्या मेहनतीचे फळ दारात आले होते आणि त्यांच्या सरांनी ते परत पाठवले, तेही बाकावर बसणाऱ्या एका मुलासाठी. आम्हाला या प्रसंगात हरवलेल्या मेंढराचा दाखला दिसतो. त्या दाखल्यातील नव्याण्णव मेंढरांना काय वाटले असेल, यावर आपण प्रवचनांत सहसा बोलत नाही.

पुढच्या वर्षी संघ पुन्हा पात्र ठरला आणि पुन्हा निमंत्रण आले. या खेपेस स्पर्धेवर इतरही बाजूंनी दडपण होते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजने, जे दे ला साल ब्रदर्स चालवीत असलेले कॅथलिक महाविद्यालय, बंदी उठत नसेल तर आपण येणार नाही असे कळवले होते. स्पर्धा तोंडावर असताना संस्थेने नियम रद्द केला. तरीही वूडन राजी नव्हते. कारण वॉकरला खेळता येणार असले तरी कॅन्सस सिटीत संघाबरोबर हॉटेलात राहता येणार नव्हते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने आणि वॉकरच्या घरच्यांनी त्यांची समजूत घातली: जाण्यातच त्या मुलाचे आणि त्याच्यामागून येणाऱ्यांचे हित आहे. तेव्हा ते गेले. वॉकर रात्री गावातील एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे राहिला आणि दिवसा मैदानावर उतरला. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या मोसमाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि लुइव्हिलकडून ८२-७० असा हरला. पुढील सत्तावीस वर्षांत वूडन यांचे संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात दहा वेळा उतरले आणि दहाही वेळा जिंकले. अंतिम सामन्यातला त्यांचा एकमेव पराभव तो हाच.

त्याच एप्रिलमध्ये त्यांना दोन मोठ्या विद्यापीठांकडून बोलावणे होते. मन ओढ घेत होते मिनेसोटाकडे, कारण ते आपल्या मुलखातले. ठरल्या वेळी मिनेसोटाचा फोन यायचा होता. हिमवादळाने तारा तुटल्या आणि फोन आला नाही. नकार आला असे समजून वूडन यांनी लॉस एंजेलिसला होकार दिला. तासाभराने मिनेसोटाचा फोन आला. तेव्हा त्यांनी दिलेला शब्द मागे घेतला नाही. दोन वर्षांनी पर्ड्यूने, त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाने, बोलावले तेव्हा जावेसे वाटत होते; पण तीन वर्षांचा करार त्यांनी स्वतःच मागून घेतला होता, याची आठवण त्यांना करून देण्यात आली आणि ते राहिले.

'यूसीएलए'ची सुरुवातीची वर्षे दैन्याचीच होती. सराव होई तो एका जुन्या व्यायामशाळेत, जिथे त्याच वेळी कुस्तीगीर आणि कसरतपटूही असत. हवा खेळती नसल्याने तिला मुले दुर्गंधीवरून नावे ठेवीत. सरावापूर्वी वूडन स्वतः ओल्या फडक्याने फरशी पुसून घेत. १९५५ साली अग्निशमन खात्याने तेथे मोठ्या गर्दीला मनाई केली आणि संघाला स्वतःच्या सामन्यांसाठी दारोदार फिरावे लागले. पहिले अजिंक्यपद आले ते १९६४ साली, सोळाव्या मोसमात. त्या वर्षी ३० पैकी ३० सामने जिंकले, आणि सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांपैकी कुणीही साडेसहा फूट उंच नव्हता. चेंडू मिळताच संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला जखडून टाकण्याचे तंत्र त्यांनी वापरले. त्यासाठी हट्ट धरला होता तो त्यांचे साहाय्यक जेरी नॉर्मन यांनी. सोळा वर्षे थांबणारे व्यवस्थापन आज कोणत्या संस्थेत सापडेल, हा प्रश्न आम्ही इथेच सोडतो.

त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांतील १९६७ ते १९७३ ही सलग सात. सत्तावीस मोसमांत ६२० विजय आणि १४७ पराभव. या काळातील सर्वांत थोर खेळाडू म्हणजे ल्यू अल्सिंडर, जो पुढे इस्लाम स्वीकारून करीम अब्दुल-जब्बार झाला. तो न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल या कॅथलिक शाळेतून आला होता. त्या शाळेतील प्रशिक्षकाने एका सामन्याच्या मध्यंतरात त्याला डिवचण्यासाठी वंशवाचक शिवी वापरली होती. ती जखम मुलाच्या मनात कितीतरी वर्षे ओली राहिली; दोघांचा समेट झाला तो फार पुढे. एका कॅथलिक शाळेत जे त्याला ऐकावे लागले, ते इंडियानाच्या या प्रॉटेस्टंट शेतकऱ्याच्या तोंडून कधी ऐकावे लागले नाही. आपल्याविषयीचे असे सत्य आपल्याच नियतकालिकात लिहिलेले बरे.

वूडन शिकवीत कसे? मोसमाच्या पहिल्या दिवशी ते मुलांना पायमोजे घालायला शिकवीत. टाचेजवळ चुणी राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. देशातील निवडक मुले हे ऐकून चकित होत. प्रत्येक दिवसाच्या दोन तासांच्या सरावासाठी ते सकाळी साहाय्यकांबरोबर बसून मिनिटामिनिटाचा आराखडा करीत व तो छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवीत. १९७४-७५ च्या मोसमात गॅलिमोर आणि थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव वहीपेन्सिल घेऊन पाहिले आणि त्यांच्या २,३२६ कृती नोंदल्या. त्यांपैकी निम्म्या निव्वळ शिकवणे होत्या: काय करायचे, कसे करायचे. शाबासकी सुमारे सात टक्के, नाराजीही जवळपास तितकीच. आवेशाची भाषणे त्यांना आढळली नाहीत. सामना जिंका, असे ते मुलांना कधी सांगत नसत.

एवढे असूनही आम्ही त्यांना निर्दोष ठरवीत नाही. सामन्याच्या वेळी हातातील कागदाच्या सुरळीआडून ते पंचांना आणि विरुद्ध संघाच्या खेळाडूंनाही टोचून बोलत, आणि याचा उल्लेख त्यांच्या समकालीनांनी वारंवार केला आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सॅम गिल्बर्ट नावाचा एक धनिक बांधकाम व्यावसायिक साठच्या दशकाच्या अखेरीपासून खेळाडूंचा आश्रयदाता बनला होता व नियमात न बसणारे लाभ त्यांना मिळवून देत होता. १९८१ साली, वूडन निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, विद्यापीठावर कारवाई झाली आणि गिल्बर्टशी संबंध तोडण्याचा आदेश निघाला. वूडन यांच्यावर कोणताही ठपका आला नाही व आपला विवेक स्वच्छ आहे असे ते म्हणत. आमच्या मते त्यांनी अधिक खोलात जाऊन विचारायला हवे होते. बस चुकवणाऱ्या मुलाला न थांबणारा मनुष्य इथे थोडी दुसरीकडे पाहत राहिला.

१९७५ च्या मार्चअखेरीस उपान्त्य सामना एका गुणाने जिंकल्यावर त्यांनी खेळाडूंच्या खोलीत निवृत्ती जाहीर केली. दोन दिवसांनी, ३१ मार्च रोजी, सॅन दिएगो येथे केंटकीला ९२-८५ असे हरवून ते मैदानावरून कायमचे उतरले. त्यांचा वार्षिक पगार कधीही ३५,००० डॉलरपलीकडे गेला नव्हता. नौदलात जाताना त्यांच्या पाळकाने दिलेला धातूचा छोटा क्रूस प्रत्येक सामन्यात त्यांच्या मुठीत असे.

आपल्या मुलखाशी या चरित्राचा धागा एवढाच, की हा खेळ आपल्याकडेही मिशनरी आणि वायएमसीए यांच्याच हातून रुजला. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधला. १९२० साली मद्रासमध्ये हॅरी बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. आणि अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. नागपाड्याच्या गल्ल्यांतून पुढे पिढ्यानपिढ्या खेळाडू निघाले. आम्ही सेमिनरीत असताना संध्याकाळची घंटा झाली की कॅसॉकची टोके खोचून याच खेळासाठी धावत असू. आमचे पायमोजे कसे घालायचे हे मात्र कुणी शिकवले नाही.

निवृत्तीनंतर वूडन पस्तीस वर्षे जगले. लॉस एंजेलिसजवळच्या एन्सिनो येथे त्यांची साधी सदनिका होती. तेथील अभ्यासिकेत जुने खेळाडू येत, कुणी पोराच्या शिक्षणाचा सल्ला घ्यायला, कुणी नुसते बसायला. करीम येई, बिल वॉल्टन येई. या वॉल्टनशी त्यांनी एकेकाळी केसांच्या लांबीवरून वाद घातला होता आणि १९७२ साली व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनात त्याला अटक झाली तेव्हा ते व्यथित झाले होते. नंतर तोच त्यांना वर्षानुवर्षे फोन करीत राहिला. अभ्यासिकेच्या भिंतीवर अब्राहम लिंकन आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा यांच्या तसबिरी होत्या. आपल्याला सर्वाधिक आदर वाटतो ती माणसे कोणती, असे विचारले की वूडन हीच दोन नावे घेत.

नेली २१ मार्च १९८५ रोजी गेल्या. विवाहाला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. त्यानंतर दर महिन्याच्या एकवीस तारखेला ते त्यांच्या कबरीवर जात आणि घरी येऊन त्यांना एक पत्र लिहीत. नातवंडांची खुशाली, पतवंडांची बाळसेदार छायाचित्रे कशी आली आहेत, असले घरगुती काहीतरी त्यात असे. पत्र घडी करून ते पलंगावर, नेलींच्या उशीवर, आधीच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवीत. दृष्टी अगदी मंदावेपर्यंत हा क्रम चालू राहिला. ४ जून २०१० रोजी, शंभरीला चार महिने कमी असताना, जॉन वूडन यांनी देह ठेवला. हॉलिवूड हिल्सच्या दफनभूमीत नेलींसोबतच त्यांना ठेवले आहे.